सांधा

मोडलेली वस्तू दुरुस्त केली म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ग्रीक वीर थीसिअस याचे जहाज अथेन्सच्या लोकांनी कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत जतन केले, असे प्लूटार्क सांगतो. ते जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. मला मात्र हा वाद जहाज बंदरात उभे करून ठेवणाऱ्यांचा वाटतो. ज्याला उद्या सकाळी वस्तू वापरायची आहे, त्याचा प्रश्न वेगळाच असतो. तो मला गळाच्या काठीने शिकवला.

कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात. मासा लागला की काठी वाकते, आणि वाकणे हेच तिचे काम. माशाचा हिसका ती आपल्या सबंध लांबीवर वाटून घेते, म्हणून बारीक तंगूस तुटत नाही. काठी बांबूची असो, दुसऱ्या महायुद्धानंतर आलेली काचतंतूची असो, की १९७०च्या दशकात आलेली कार्बनची, हा धर्म सर्वांचा एकच.

अशी काठी मधोमध मोडली की पहिला विचार येतो तो भक्कमपणाचा. पोकळीत लोखंडी सळई घालावी, वरून तार आवळावी, म्हणजे पुन्हा मोडायला नको! आणि खरोखरच ती तिथे पुन्हा मोडत नाही. सळई जिथे संपते तिथे मोडते. सांधा वाकायला तयार नसला की त्याच्या वाटचा ताण शेजारच्या बोटभर जागेवर येऊन पडतो.

मी घरी ही दुरुस्ती करतो ती रीत निराळी आहे. दोन्ही तुकड्यांची फाटकी टोके सरळ कापायची. म्हणजे काठी थोडी आखूड होणार, हे आधीच मान्य करायचे. पोकळीत एखाद्या जुन्या काठीचा, त्याच जातीचा तुकडा बसवायचा आणि त्याची टोके निमुळती करायची, म्हणजे ताठपणा एकदम सुरू होत नाही नि एकदम संपत नाही. तो चिकटवून वरून रेशमी दोरा वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळायचा. शेवटी गाठ नाही. दोऱ्याचे टोक शेवटच्या वेढ्यांखालून ओढून घ्यायचे. वर रोगणाचा हात द्यायचा आणि पुरते वाळेपर्यंत काठीला शिवायचे नाही.

माणसे सांधताना आपण बहुधा सळईच वापरतो. माझ्या पाहण्यातल्या दोन भावांनी वाटणीचे भांडण एका पाडव्याला मिटवले. विहिरीचे पाणी कोणी केव्हा घ्यायचे, वाट कोठून, सारे कागदावर आले. जुना विषय काढायचा नाही, अशी शपथही झाली. त्या कागदातली एकही अट आजवर मोडलेली नाही. पुन्हा बिनसले ते दोन फणसांवरून. फणसाचा उल्लेख कागदात नव्हता. मला वाटते, ‘यापुढे कधीही नाही’ ही शपथच फार ताठ असते. सांधलेल्या नात्यात अधूनमधून लहानसे भांडण करण्याची मुभा हवी. आणि टोके कापायची ती दोघांचीही.

कोणी म्हणेल, मग सगळेच सांधावे काय? नाही. भुंग्याने आतून पोखरलेला बांबू अंगठ्याखाली दबतो. त्यात कोणताही सांधा धरत नाही. ज्या घरात एकाने दुसऱ्याला वर्षानुवर्षे छळले, तिथे ‘मोडू नका, जुळवून घ्या’ हा उपदेश म्हणजे सोसणाऱ्यालाच सळई म्हणून वापरणे होय. सांधण्याआधी अंगठा दाबून पाहणे हा निष्ठुरपणा नव्हे. तो कामाचाच भाग आहे.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पुष्कळ मोडके खाली येते, आणि अबोला धरलेली माणसेही भाऊबिजेच्या निमित्ताने दारात येतात. अशा वेळी सारे पूर्वीसारखे झाले का, असे विचारू नये. झालेले नसतेच, काठी बोटभर आखूड असते आणि दोऱ्याचे वेढे उन्हात स्पष्ट दिसतात. हिसका बसला तर ती सबंध वाकते की नाही, एवढेच पाहावे.