शताधिपति आणि हवालदार

शास्त्रपाठ : लूक 7:1-10



कफर्णहूम येथील शताधिपतीचा वृत्तांत आपण पुष्कळ वेळा ऐकला आहे. त्याच्या हुकमात शंभर शिपाई होते आणि नगरात त्याचा मोठा मान होता. तरी त्याने प्रभूकडे विनंती पाठविली ती स्वतःकरिता नव्हे. त्याच्या घरचा एक दास मरणास टेकला होता, त्याच्याकरिता पाठविली. दास म्हणजे विकत घेतलेली वस्तू, असे मानण्याचा तो काळ होता. त्या काळी हा सरदार एका दासासाठी याचक झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्या कोकणातही असा एक शिपाई होऊन गेला. महाडजवळील रावढळ गावचे गोपाळ बाबा वलंगकर हे महार जातीत जन्मले. लष्करात चाकरी करून ते हवालदार झाले आणि सन 1886 साली निवृत्त होऊन दापोलीस राहिले. पदरी पेन्शन होती, अंगी मान होता. आता स्वस्थ बसावे, असे त्यांस कोणीही म्हटले असते. परंतु जोतीराव फुले यांचे विचार त्यांच्या मनात रुजले होते. सन 1888 साली विटाळाच्या कल्पनेचे खंडन करणारे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले, आणि आपल्या लोकांकरिता ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापिली.

पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या जातीच्या शिपायांची नावे भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आहेत, तिच्याच मुलांना पलटणीचे दार लागले. वलंगकरांचे यात काय गेले? त्यांची स्वतःची चाकरी तर पुरी झाली होती. तरी सन 1894 साली त्यांनी लेखणी उचलली आणि भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून विनंतिअर्ज तयार केला. सन 1895 साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांस ते रुचले नाही. सन 1900 साली ते वारले. अर्जाचे फळ त्यांनी पाहिले नाही. सन 1941 साली बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली, तोवर पेरणारा जाऊन चाळीस वर्षे लोटली होती.

कोणी म्हणेल, हा गृहस्थ आपल्या मंडळीतला नव्हता. खरे आहे, आणि त्यांस आपला म्हणविण्याचा लोभ आपण धरू नये. परंतु तो शताधिपति तरी इस्राएलातला कोठे होता? त्याच्यासारखा विश्वास आपल्या लोकांतही आढळला नाही, हे प्रभूने सर्वांसमक्ष सांगितले. बाहेरच्या माणसाकडून शिकण्याची लाज प्रभूच्या शिष्यांनी बाळगू नये.

आता आपण आपले अंतःकरण तपासू या. भिवंडीच्या आसपासच्या आपल्या गावांतून किती तरी मुले शिकून पुढे गेली. कोणी मागावर मुकादम झाला, कोणी गोदामात हिशेब लिहितो, कोणी शाळेत शिकविते. देवाची स्तुती असो! परंतु नाताळास गावी आल्यावर जुन्या वस्तीत जाऊन बसण्याचा संकोच आपणांस वाटतो काय? आपल्याला दार उघडले, मग मागून येणाऱ्यावर ते बंद झाले तरी आपण झोपतो काय? असे असेल, तर जो विटाळ आपल्या वाडवडिलांनी सोसला तोच आपण पुन्हा आपल्या हातांनी घरात आणला आहे.

उपदेशक बंधूंनो, मंडळीत जो कोणी लिहिणे जाणतो त्यास सांगा की, या आठवड्यात ज्यास लिहिता येत नाही अशा एकाचा तरी अर्ज लिहून दे. तो विधवेच्या पेन्शनीचा असो, मुलाच्या दाखल्याचा असो किंवा शिधापत्रिकेचा असो. तो माणूस मंडळीतला आहे की नाही, हे विचारू नका. अर्ज लिहून झाला म्हणजे त्याच्याबरोबर कचेरीपर्यंत चालत जा.

आपणांस मिळालेला मान प्रभु दुसऱ्याच्या उपयोगी लावो. आमेन.