अडत कोण देतो?

पुण्याच्या भरतीवाल्या बाई फोनवर 'प्रोफाइल छान आहे' म्हणाल्या आणि नंतर गप्पच झाल्या. इकडे एरंडोलात आमचा पुतण्या त्यांना लबाड ठरवून मोकळा!

"अरे, २०१६ साली भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर आली ना? तसंच हे. बाईंना पैसे कंपनी देते, तेही बहुधा माणूस रुजू झाल्यावर. त्या कंपनीसाठी माणूस शोधतात, तुझ्यासाठी नोकरी नव्हे."

"म्हणजे मी भरताचं वांगं?"

"हो. पगाराची अपेक्षा खरी सांग, आठवड्याने स्वतः फोन कर. तुझ्याकडेच पैसे मागितले, तर मात्र पळ."

"पण काका, मग गोड कशाला बोलायचं?"

मी काउंटरवर बसतो. पगार बँकेचा, गोड बोलणं खातेदाराशी. परवा एकाचं कर्ज होणार नाही हे ठाऊक असून त्याला 'बघू या' म्हणालो. त्यानं चहा पाजला. मी प्यालो.