हिरवा पडदा आणि अध्यास

हिरव्या पडद्यासमोर चित्रीकरण चालू असते तेव्हा संगणक एकाच वेळी दोन कामे करू शकतो. कॅमेऱ्याकडून कॅप्चर कार्डातून आलेले चित्र हिरव्या पार्श्वभूमीसकट डिस्कवर साठत जाते. मॉनिटरवर मात्र हिरवा रंग वगळून त्या जागी एखादा किल्ला बसवलेला दिसतो. एकाच क्षणाच्या या दोन रूपांतले खरे कोणते, हा प्रश्न अद्वैत वेदान्ताच्या जुन्या चर्चेत नेऊन सोडतो.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यासाचा विचार केला आहे. पूर्वी पाहिलेल्या वस्तूचा दुसऱ्याच वस्तूच्या ठिकाणी होणारा भास म्हणजे अध्यास. मॉनिटरवरचा किल्ला या लक्षणात जवळजवळ चपखल बसतो, कारण तो आधी कुठेतरी टिपलेला असतो आणि आता कापडाच्या जागी भासतो. दोरी आणि सापाचा प्रसिद्ध दृष्टान्त मात्र इथे अपुरा पडतो. अंधारात दोरी सापासारखी भासते, पण दिवा आणला की साप नाहीसा होतो. तंत्रज्ञाला मागचे कापड पुरते ठाऊक असते, तरी किल्ला जागचा हलत नाही.

वेदान्ती ग्रंथकारांनी हा भेद ओळखला होता. रज्जुसर्प हा निरुपाधिक भ्रम, ज्ञान होताच मावळणारा. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, तो सोपाधिक भ्रम, म्हणजे जवळच्या वस्तूमुळे, उपाधीमुळे, होणारा. स्फटिकाला स्वतःचा रंग नाही हे कळल्यावरही फूल जवळ आहे तोवर तांबडेपणा दिसतच राहतो. मॉनिटरच्या बाबतीत रंग वगळणारे फिल्टर ही उपाधी. ते चालू आहे तोवर जाणत्याला आणि अजाणत्याला सारखाच किल्ला दिसतो. जाणता फसत नाही, एवढेच.

स्टुडिओत तर स्फटिकाचा दृष्टान्त अक्षरशः घडतो. पडद्यावरून उसळलेला प्रकाश नटाच्या गालावर आणि केसांच्या कडांवर हिरवी झाक आणतो. संगणकाला वस्तू कळत नाही, रंग तेवढा कळतो. त्यामुळे झाक आणि कापड यांत तो गल्लत करतो. खांद्याची कड विरते, केसांत भोके पडतात. चित्र त्याच वेळी पाहण्याचा खरा उपयोग इथे होतो. नटाला पडद्यापासून पुढे घेणे, पडद्यावरचा उजेड सारखा करणे, हे सारे तिथल्या तिथे जमते. ‘अवतार’च्या (2009) चित्रीकरणात जेम्स कॅमरून यांना प्रत्यक्षातले नट आणि संगणकाने रचलेले जग कॅमेऱ्यात एकत्र पाहता येत असे आणि दृश्याची चौकट त्यावरून ठरवता येत असे. ज्या भासावर इतके काम उभे राहते त्याला नुसते प्रातिभासिक, म्हणजे भासापुरतेच असलेले, म्हणून बाजूला सारता येत नाही. व्यावहारिक सत्तेतला, म्हणजे रोजच्या व्यवहारातल्या खरेपणातला, काही वाटा त्याला द्यावाच लागतो.

मूळ हिरवे चित्र वेगळे जपण्याचे कारण अध्यारोप-अपवादाच्या पद्धतीत सापडते. आधी आरोप करायचा आणि मग तो मागे घ्यायचा, ही वेदान्ताची शिकवण्याची रीत. आरोप मागे घेता येण्यासाठी अधिष्ठान, म्हणजे ज्यावर आरोप होतो ती मूळ वस्तू, शाबूत लागते. ओबीएस स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीच्या पद्धतीने रेकॉर्डिंग केले तर जोडलेले चित्रच नोंदले जाते. किल्ला त्यात कायमचा मुरतो आणि विरलेली कड परत येत नाही. तिथे अपवादाला जागाच उरत नाही.

पण म्हणून डिस्कवरचे हिरवे चित्र पारमार्थिक, म्हणजे अंतिम सत्य, ठरते का? तेही नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर निम्मे बिंदू हिरवा रंग टिपतात, पाव लाल आणि पाव निळा. प्रत्येक बिंदूवर एकच रंग मोजला जातो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरले जातात. हिरव्याचे बिंदू दुप्पट असणे हे पडद्यासाठी तो रंग पत्करण्याचे एक कारण आहे. म्हणजे ज्याला मूळ म्हणायचे त्याचाही मोठा भाग अनुमानाचा. अधिष्ठान आणि आरोप हे इथे सापेक्ष आहेत.

तुलनेची आणखी एक मर्यादा आहे. स्टुडिओतला आरोप जाणूनबुजून केलेला असतो आणि त्याची सुरुवात सांगता येते. शांकर मतातला अध्यास अनादी आहे आणि त्याच्या मुळाशी अविद्या आहे. ही अविद्याच ज्ञानेश्वरांना मान्य नाही. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचे खंडन करतात आणि जगाला चैतन्याचे स्फुरण मानतात. या दृष्टीने कापडाने काही लपवलेले नाही आणि किल्ल्याने कापडाला झाकलेले नाही. मॉनिटरवर दोन्ही एकाच प्रकाशाची रूपे आहेत. मग कोणते रूप खोटे ठरवून पुसायचे, हा प्रश्नच उद्भवत नाही.