न फवारलेले ढग

मराठवाड्याचा दुष्काळ विज्ञानाने जिंकला असून आता उरला आहे तो केवळ अंमलबजावणीचा प्रश्न, असे एका व्यासंगी वक्त्यांनी आमच्याकडील एका व्याख्यानमालेत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले आणि त्या विधानाच्या पुष्ट्यर्थ सोलापूरच्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगातील 18 टक्क्यांचा दाखला दिला. त्यांना दुसऱ्या एका लेखकाने लागलीच लेखी उत्तर दिले. त्या उत्तराचा मथितार्थ असा, की संशोधकांचे निष्कर्ष आज एक आणि उद्या दुसरे असतात, सबब कास्तकाराने वाडवडिलांच्या आडाख्यांवरच भिस्त ठेवावी. पहिले मत कचेरीत चालते, दुसरे पारावर चालते; आणि धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या गावात, जिथे ऊस, सोयाबीन आणि टंचाई या तिन्हींचा हिशेब एकाच शिवारात मांडावा लागतो, तिथे ही दोन्ही मते सारखीच घातक आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही पक्ष संशोधनाच्या निष्कर्षाकडे फर्मान म्हणून पाहतात. एकाला ते शिरसावंद्य वाटते, दुसऱ्याला ते फेटाळावेसे वाटते, आणि ते निघाले कसे याची चौकशी दोघांपैकी कोणीच करीत नाही.

ती चौकशी आधी करू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 2009 पासून चालविलेल्या ‘कायपीक्स’ या प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात सोलापूरच्या पर्जन्यछायेतील टापूत दोन पावसाळ्यांत मिळून 276 ढग निवडण्यात आले. त्यांतील काहींच्या तळाशी विमानातून कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या पेटवून क्षारकण सोडण्यात आले, काहींना हेतुपुरस्सर हात लावण्यात आला नाही, आणि कोणत्या ढगावर फवारणी करावयाची हा निर्णय कोणाच्याही मर्जीवर न ठेवता यदृच्छेवर सोपविण्यात आला. क्षारकण बाष्प शोषून मोठा थेंब बनवितो, तो थेंब वाटेतील लहान थेंबांना सामावून घेत जड होतो आणि खाली येतो, इतकीच यामागील भौतिक कल्पना. थारा प्रभाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांनुसार फवारणीनंतर वाऱ्याच्या दिशेने सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात सरासरी 18 टक्के अधिक पाऊस पडला. एखाद्या ठिकाणी ही वाढ 46 टक्क्यांपर्यंतही गेली.

आता वक्त्यांच्या दाव्याकडे वळावे. ही वाढ योग्य ढगापासून मिळणाऱ्या पावसातील आहे, वर्षाच्या पर्जन्यमानातील नव्हे. आणि ज्या वर्षी आम्हाला पावसाची निकड असते त्या वर्षी आभाळात नेमका तो योग्य ढगच दुर्मिळ असतो. ढग निर्माण करण्याची किमया या विद्येत नाही, आणि ती असल्याचे संशोधकांनीही म्हटलेले नाही. शिवाय या रीतीने मिळणाऱ्या पाण्याचा खर्च लिटरमागे सुमारे 18 पैसे सांगण्यात आला, त्याचा हिशेब वक्त्यांनी व्यासपीठावर मांडला नाही, म्हणून तो येथे मांडतो. पाटपाण्यावरच्या एका हेक्टर उसाला वर्षाकाठी दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. 18 पैशांच्या दराने त्या पाण्याची किंमत 36 ते 45 लाख रुपये होते, आणि त्या उसाचे कारखान्याकडून मिळणारे बिल अडीच-तीन लाखांच्या पलीकडे क्वचितच जाते.

हाच हिशेब रेल्वेच्या परिमाणातही करता येतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वेगाडी निघाली आणि कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, ढोकी, मुरूड या मार्गाने लातुरास जाऊ लागली, तेव्हा त्या मार्गावरच्या गावांनी पाण्याने भरलेल्या वाघिणी आपल्या डोळ्यांदेखत पुढे जाताना पाहिल्या. कृष्णेचे पाणी मांजरेच्या काठी आणावे लागावे, या घटनेने सगळा देश हळहळला. पुढे 50 वाघिणींची एक गाडी एका खेपेस सुमारे 25 लाख लिटर पाणी नेऊ लागली. याचा अर्थ, ज्या एका हेक्टर उसाचा उल्लेख वर केला त्याच्या वर्षभराच्या पाण्याला अशा आठ ते दहा पूर्ण गाड्या लागल्या असत्या. महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्र उसाखाली असून सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी तो घेतो, हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाच्या अहवालात वर्षानुवर्षे नमूद आहे. तो निष्कर्ष मात्र कोणत्याही व्याख्यानमालेत विज्ञानाचा विजय म्हणून सांगितला जात नाही. ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना मध्यंतरी कित्येक वर्षे बंद राहिला, त्या काळात सभासदांच्या घरांची जी आबाळ झाली ती पाहिलेला मनुष्य उसाविरुद्ध हलकेपणाने लिहिणार नाही. मीही लिहीत नाही. उसाचे पैसे हमखास येतात, सोयाबीनचे येत नाहीत, म्हणून शेतकरी ऊस लावतो, आणि त्याचा हा निर्णय पूर्णपणे शहाणपणाचा आहे. प्रश्न त्या शहाणपणाला पाण्याची खरी किंमत कळू न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

कृत्रिम पावसाच्या दाव्यावर याहून गंभीर आक्षेप आहे आणि तो इस्रायलकडून येतो. त्या देशात साठ-सत्तरच्या दशकांत यदृच्छ निवडीचेच प्रयोग झाले आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढ जाहीर झाली. त्या बळावर अनेक दशके फवारणी चालली. पुढे 2013 ते 2020 या काळात सात हिवाळे नवा, अधिक कसोशीचा प्रयोग करण्यात आला तेव्हा वाढ निघाली 1.8 टक्के, आणि तीही योगायोगापासून वेगळी ओळखता न येण्याजोगी. इस्रायलने फवारणी थांबविली. तेथे हिवाळी ढगांवर सिल्व्हर आयोडाइड फवारले जाई, सोलापुरात मुख्यतः उष्ण मोसमी ढगांवर क्षार, हा भेद महत्त्वाचा आहे. तरीही एका यशस्वी प्रयोगावर धोरणाची इमारत चढवू नये, हा धडा त्यातून घ्यावाच लागतो. समाजविज्ञानाची स्थिती याहून नाजूक आहे. मानसशास्त्रातील 100 प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, त्याचा वृत्तांत 2015 मध्ये आला, आणि त्यांतील जेमतेम 36 टक्क्यांत दुसऱ्या वेळी ठोस परिणाम आढळला.

एवढे म्हटल्यावर दुसऱ्या लेखकाला आपला पक्ष सिद्ध झाल्यासारखे वाटेल. परंतु येथेच माझा त्यांच्याशी खरा वाद सुरू होतो, आणि पहिल्या वक्त्यांशी असलेल्या वादाहून तो मला अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. इस्रायलचा जुना आकडा खोडला तो पारावरच्या आडाख्याने नव्हे. तो खोडला पुन्हा केलेल्या प्रयोगाने. निष्कर्ष बदलतात म्हणून संशोधन अविश्वसनीय ठरवावे, तर जे कधीच तपासले गेले नाही ते विश्वसनीय ठरते. या तर्काचे भयंकर परिणाम आपल्या महसुली दफ्तरात शेकडो वर्षे साचलेले आहेत.

त्या दफ्तराचा विचार करताना मला नेहमी डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे स्मरण होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 मध्ये जन्मलेला हा मनुष्य लंडनला संख्याशास्त्र शिकून परतला, 1940 पासून दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत रुजू झाला, आणि त्याने हिंदुस्थानातील पिकाचा अंदाज करण्याची रीतच पालटून टाकली. त्यापूर्वी पीक किती आले हे आणेवारीने ठरे. गावकामगारांनी शिवारात नजर फिरवावी आणि सोळा आण्यांपैकी इतके आणे असे लिहावे, त्यावर सारा सूट किंवा तहकूब व्हावा. ती नजर मुलाहिज्याची असे, धाकाची असे, वरून आलेल्या इशाऱ्याचीही असे. सुखात्म्यांनी सांगितले, की शेत यदृच्छेने निवडा, शेतातील तुकडाही यदृच्छेने निवडा, तो कापा, मळा आणि वजन करा. याच प्रश्नावर महालनोबिसांसारख्या संख्याशास्त्रातील दिग्गजाशी त्यांचा मतभेद झाला. महालनोबिस लहान तुकडे पुष्कळ घ्यावेत या मताचे होते. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष शेतात प्रयोग करून दाखविले, की तुकडा फार लहान असला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण अत्यंत साधे आहे. दोरीच्या कडेवर जी रोपे येतात, ती आत की बाहेर याचा निर्णय कापणाऱ्याला करावा लागतो आणि त्याचा हात नकळत त्यांना आत ओढतो. तुकडा जितका लहान तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कडांचा वाटा मोठा, म्हणून चूकही मोठी. मनुष्याचा प्रामाणिकपणा गृहीत धरूनही त्याच्या हाताची चूक मोजता येते, ही दृष्टी मला कित्येक तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतूनही मिळालेली नाही.

पुढे पुण्यात स्थायिक झाल्यावर त्यांनी अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकरांशी जो वाद घातला तोही याच जातीचा होता. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये दारिद्र्याची रेषा 2250 उष्मांकांवर काढली. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की सरासरी गरज ही प्रत्येक माणसाची गरज नव्हे, एकाच निरोगी माणसाची गरजही आठवड्यागणिक कमीजास्त होते, सबब सरासरीच्या खाली असलेला प्रत्येकजण उपाशी समजणे चूक आहे. दांडेकरांचे प्रत्युत्तर तितकेच कठोर होते: देह उपासमारीशी जुळवून घेतो म्हणून उपासमार नाहीशी होत नाही. संख्याशास्त्राच्या बाजूने सुखात्मे बरोबर होते असे मी मानतो. परंतु ज्याच्या ताटाचा प्रश्न आहे त्याची बाजू दांडेकरांनी अधिक ओळखली होती.

हा वाद जुना झाला असे कोणी समजू नये. 2025 च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयातील पीकविमा बंद झाला आणि विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठेवण्यात आली. म्हणजे महसूल मंडळात यदृच्छेने निवडलेल्या गटांत सोयाबीनचा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तुकडा आखला जातो, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरी ताणली जाते, पंचांसमक्ष पीक कापून, मळून, दाण्याचे वजन होते, आणि त्या मोजक्या तुकड्यांच्या सरासरीवर मंडळातील सगळ्यांचे नशीब ठरते. त्याच वर्षी सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टीने हाहाकार केला. नदीकाठच्या ज्या शेतातील पीक मातीसकट वाहून गेले आणि माळावरचे जे शेत तरले, ती दोन्ही त्या सरासरीत एक होतात. स्थानिक आपत्तीत एकेका शेताची पाहणी करण्याची जी तरतूद पूर्वी होती ती त्याच खरिपापासून विम्यातून गेली. सुखात्म्यांची रीत मंडळाचे उत्पन्न काढण्यासाठी निर्दोष आहे. एका शेतकऱ्याचे नुकसान काढण्यासाठी ती त्यांनी दिलेलीच नव्हती, आणि हे सांगायला त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा झाला नसता.

सोलापूरच्या प्रयोगाबद्दल माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला आहे तो त्या 18 टक्क्यांमुळे नाही. तो न फवारलेल्या ढगांमुळे आहे. दुष्काळी मुलुखावरून जाणारा चांगला पाणीदार ढग समोर असताना, नळकांडी तयार असताना, त्याला तसेच जाऊ द्यावयाचे, कारण तुलनेवाचून ज्ञान नाही, हा संयम आपल्या सार्वजनिक जीवनात अन्यत्र कोठे दिसतो? गावोगाव पाणी अडविण्याच्या ‘जलयुक्त शिवार’ या राज्याच्या योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. 2020 मध्ये महालेखापरीक्षकांनी तिचा भूजलावर फारसा परिणाम न झाल्याचा शेरा मारला, समर्थकांनी पाणी वाढलेल्या गावांची यादी पुढे केली, आणि हा तंटा आजतागायत मिटलेला नाही. तो मिटणारही नाही, कारण योजनेची गावे निवडताना चिठ्ठ्या टाकून काही गावे तुलनेसाठी मागे ठेवलेली नव्हती. पाऊस चांगला झाला म्हणून विहिरी भरल्या की नाला खोल केला म्हणून, हे सांगण्याचा मार्गच आपण आरंभी बंद केला. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय 2017 मध्ये झाला. ठिबकाने वाचलेले पाणी जमिनीत राहते, की त्याच पाण्यावर शेजारचा आणखी एकर उसाखाली जातो, हा तर निखळ समाजविज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ढोकी मंडळाच्या विहिरींतच मिळेल.

यावर एक नैतिक आक्षेप घेतला जातो: ढगाला ताटकळत ठेवता येते, तहानलेल्या गावाला कसे ठेवावे? आक्षेप सात्त्विक आहे, परंतु तो वस्तुस्थितीला धरून नाही. कोणतीही योजना सगळ्या गावांना एकाच वर्षी पुरेल इतका पैसा सरकारी खजिन्यात कधीच नसतो; काही गावे पहिल्या वर्षी येतात, काही तिसऱ्या, आणि काही नुसत्या यादीत राहतात. गावे आजही ताटकळतातच. फरक एवढाच, की कोणते गाव आधी हे आज आमदाराची शिफारस, कारखान्याच्या संचालकाचे गाव आणि कंत्राटदाराची सोय यांवर ठरते. हाच क्रम तहसील कचेरीत सर्वांसमक्ष चिठ्ठ्या काढून ठरवावा, भूजल सर्वेक्षण यंत्रणेने दोन्ही प्रकारच्या गावांतील विहिरींची पातळी नेहमीप्रमाणे मोजत राहावी, आणि तीन पावसाळ्यांनंतर ते आकडे, अनुकूल असोत की प्रतिकूल, चावडीवर लावावेत. यासाठी विमान लागत नाही, रडार लागत नाही, नवा निधीही लागत नाही. पुढच्या खरिपापूर्वी, ठिबकाच्या अनुदानाची यादी मंजूर होण्याच्या आधी, ढोकी मंडळातील गावांच्या चिठ्ठ्या काढल्या जाव्यात, अशी मागणी मी या लेखाद्वारे करीत आहे, आणि ती त्या वक्त्यांनी व त्या लेखकांनी, दोघांनीही, माझ्याबरोबर करावी अशी माझी त्यांना विनंती आहे.