स्मरणाला वेळ कोणती?

उपदेश घेतलेला वासनिक महंतांपुढे दंडवत घालतो आणि बहुधा एकच अडचण मांडतो : "बाबा, स्मरणाला वेळ पुरत नाही." शेती, नोकरी, मुलांची शिक्षणे, घरातील आजारपण; अडचण खोटी नव्हे. परंतु तिच्या पोटात एक समजूत दडलेली असते. स्मरण म्हणजे दिवसातून वेगळा काढावयाचा एक तुकडा, आणि तो सापडेपर्यंत उरलेला दिवस आहे तसाच चालू द्यावयाचा, ही ती समजूत. संसारातून मोकळे झाल्यावर अनुसरण घेऊ, असे म्हणणाऱ्याचेही असेच होते. मुलांची लग्ने होतात, नातवंडे येतात, गुडघे धरतात. मोकळी वेळ मात्र येत नाही. वासनिक या नावातच अनुसरणाची वासना गृहीत आहे, आणि ती वासना मनातल्या मनात वाळून जाते.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर श्रीनागदेवाचार्य रिद्धपुरी श्रीप्रभूंच्या सन्निधानी राहिले. विरहात त्यांनी धरलेला क्रम एकच : सर्वज्ञांच्या लीळा नित्य आठवाव्यात, मनात घोळवाव्यात. आपण काय मनन करता, असे म्हाइंभटांनी त्यांना विचारले आणि त्या प्रश्नातून लीळाचरित्र उभे राहिले, असे परंपरा सांगते. शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास रिद्धपूरच्या वाजेश्वरीत म्हाइंभटांनी हे लेखन केले. ज्यांनी ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या, त्यांच्याकडे ते स्वतः चालत गेले, विचारून खात्री करून घेतली. मराठीतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ एका माणसाच्या रोजच्या सवयीतून जन्मला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आणि त्या लीळांत आहे तरी काय? तत्त्वनिरूपण आहेच. पण पानोपानी भेटतो तो परमेश्वराचा दिनक्रम : उदयकाळीचा पूजावसर, विहरण, आरोगणा, पहुड. कोणत्या गावी कोणत्या देवळात आसन झाले, कोणी काय आणून दिले, वाटेत कोण भेटले. जीवाच्या रोजच्या बहुतेक क्रियांना तेथे एक लीळा सापडते. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा असे स्मरणाचे प्रकार सांगितले जातात. त्यांतील लीळेचे स्मरण गृहस्थाला म्हणूनच सर्वात जवळचे आहे. त्यासाठी निराळी घटका नको. जेवणापूर्वी क्षणभर थांबून आरोगणेची एखादी लीळा आठवावी. शेताच्या वाटेवर विहरण आठवावे. भाकरी थापणाऱ्या माउलीला बाइसांची सेवा आठवता येते. हात तेच, पीठ तेच, मन मात्र दुसरीकडे गेलेले. अंथरुणाला पाठ टेकताना पहुड. आता तर डोळे उघडताच हात मोबाइलकडे जातो. उशाशी तो असतो म्हणून जातो; तेथे स्मरणाची गाठी ठेवली तर हात गाठीवरच पडेल. एवढा लहानसा बदल पुरतो, कारण सवय ही वस्तूच्या जागेवर पुष्कळ अवलंबून असते.

येथे एक सावधगिरी हवी. उत्साहाच्या भरात सगळे नियम एका दिवशी धरणारा वासनिक आठव्या दिवशी सगळेच सोडतो. एक जेवण धरावे. ते चुकले तर खंत करीत बसू नये, पुढचे जेवण आहेच. ते अंगवळणी पडले की मग वाट, मग पहुड.

हे केवळ गृहस्थांसाठी आहे असेही नाही. सूत्रपाठातील आचार व आचारमालिका या प्रकरणांचे नित्य पठण करणाऱ्या भिक्षुकाचाही दिवस नकळत निबर होतो. अटन, विजन, भिक्षा ही नावे राहतात, आणि भिक्षेची घरे मात्र ठरून जातात. एखाद्या दिवशी नेहमीची आळी सोडून अनोळखी दारी उभे राहिल्याने काय होते, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. हिराइसेचे नाव त्यात आदराने घेतले जाते. आज छापील लीळाचरित्र घरोघरी आहे, स्वच्छ वस्त्रात गुंडाळून फळीवर ठेवलेले. त्यातील एक आरोगणा आज उघडून वाचावी आणि रात्री ताट पुढे आल्यावर, पहिल्या घासाआधी, पोथीवाचून आठवून पाहावी.