विसरलेलं कुणाचं?

दशलक्षण पर्वात आमच्याकडे तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी व्रतं आणि त्यांचे अतिचार येतात. पंडितजी ते भराभर पुढे नेतात. एकेका व्रताचे पाच-पाच अतिचार, नावं अवघड, आणि उपवास धरलेल्या बायका तोवर थकलेल्या असतात. मला मात्र त्यातला एक अतिचार दरवर्षी अडवून धरतो. सत्याणुव्रतातला न्यासापहार.

न्यास म्हणजे ठेव. पण ठेव सरळ बुडवणं एवढाच त्याचा अर्थ नाही. टीकाकारांनी फार बारीक पाहिलंय. एकानं तुमच्याकडे ठेव ठेवली. किती ठेवली ते तो विसरला. परत मागायला आला तेव्हा त्यानं कमी आकडा सांगितला आणि तुम्ही ‘हो, बरोबर’ म्हणून तेवढी रक्कम त्याच्या हातावर ठेवलीत. त्यानं मागितलं ते सगळं दिलंत. तरीही हा दोष, आणि तोही सत्याच्या व्रतातला. खोटं असलंच तर त्या एका ‘हो’मध्ये. तुम्हाला आकडा ठाऊक होता आणि त्याला नव्हता, एवढंच काय ते घडलं.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत, पेन्शनवर एकट्या राहतात. कुठल्याशा जुन्या नाटकाचं चित्रण पाहायचं म्हणून त्यांनी फोनवर एका कंपनीची सेवा घेतली. पहिला महिना एक रुपया. नाटक पाहून झालं, काकू विसरल्या. पुढे पासबुक भरून आणलं तेव्हा दर महिन्याला २९९ रुपये गेलेले दिसले, अकरा महिने. ३,२८९ रुपये. बंद कसं करायचं ते शोधायला आम्हा दोघींना अर्धी दुपार लागली. ‘नक्की जाताय?’, ‘का जाताय?’, ‘थांबलात तर सवलत’ अशी दारामागून दारं. आत जायला मात्र एकच दार होतं.

यात कायदा मोडला का? रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून असा आहे, की खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. त्या सूचना आल्या होत्या. इंग्रजीतून, विजेचं बिल, लॉटरी आणि कर्जाच्या आमिषांच्या पन्नास संदेशांत मिसळून. बहुतेक सेवांना १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून काकूंना पुन्हा काही विचारलंही गेलं नाही. माझा मुलगा याच क्षेत्रात नोकरीला आहे. तो म्हणाला, “आई, पण ‘हो’ काकूंनीच दाबलं होतं ना?”

दाबलं होतं. म्हणूनच मला न्यासापहार आठवतो. त्या गोष्टीतही ठेवणारा स्वतःच्याच तोंडानं कमी आकडा सांगतो. काकू विसरल्या, पण कंपनी विसरली नव्हती. कोण किती मिनिटं पाहतं, कुठे कंटाळतं, याची नोंद ठेवण्यावरच तर हा धंदा चालतो. अकरा महिन्यांत काकूंनी ती सेवा एकदाही उघडली नाही, हे कंपनीच्या यंत्राला ठाऊक होतं. तेच यंत्र दर महिन्याला ‘हो, बरोबर’ म्हणत राहिलं.

चोरीला आपल्या शास्त्रात जो शब्द आहे तो मला फार नेमका वाटतो: अदत्तादान. न दिलेलं घेणं. कुलूप तोडलं का, खोटं बोललं का, हे नंतरचे प्रश्न. पहिला प्रश्न, दिलेलं होतं का? पहिला एक रुपया काकूंनी दिला होता. पुढचे रुपये त्यांनी दिले, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आमच्या मामंजींचं रविवार पेठेत धान्याचं दुकान होतं. त्यांच्या वहीत एक पान ‘अनामत’ म्हणून असायचं. कुणाची सुटी मोड राहिली, कुणी जास्त पैसे देऊन गेलं, कुणी नारळ विसरलं, की त्या पानावर. माणूस पुन्हा आला की त्यानं मागायच्या आधी हे काढून देत. उरलेलं दिवाळीला हिशेब करून पांजरपोळाला जाई. मामंजी काही संत नव्हते. विक्रीकराच्या साहेबांकडे त्यांची मिठाई वेळेवर पोचायची, आणि विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचे नियम चुकवून व्यापार करणं, हाही अचौर्याचा अतिचार आहे याची आठवण त्यांना कुणी करून दिली की ते हसून विषय बदलायचे. आमच्या समाजात हे पुष्कळ आहे. पंचकल्याणकात सवाल बोलायला पुढे आणि बिल फाडायला मागे. तरी त्या अनामतच्या पानाचं मोल मला आता जास्त कळतं. ग्राहकाला ठाऊक नसलेलं देणं त्यांनी लिहून ठेवलं होतं.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात अशा तेरा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणून मनाई आहे. न मागता वस्तू टोपलीत सरकवणं आहे, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण आहे (‘नको, मला बचत करायची नाही’ हे मी स्वतः वाचलंय), आणि बाहेर पडणं अवघड करणारा वर्गणीचा सापळाही आहे. मग जून २०२५ मध्ये कंपन्यांना सल्ला दिला गेला, की तीन महिन्यांत तुमची तुम्हीच तपासणी करा. मला गंमत वाटली. हे तर प्रतिक्रमणच झालं! पण प्रतिक्रमण करणाऱ्याला आधी दोष टोचावा लागतो. इथे दोषातूनच तर उत्पन्न आहे.

व्यापारी म्हणतात, नियम फार झाले. काही बाबतींत ते खरंही असेल; आम्हा सीमेवरच्या लोकांना तीन राज्यांच्या कागदांचा जाच जीएसटीच्या आधी चांगला ठाऊक होता. पण वजनांवर शिक्का मारणारा निरीक्षक नको, असं पेठेतल्या कुठल्या शहाण्या दुकानदाराला वाटत नव्हतं. शेजारचा मापात मारत असेल तर सरळ माणसाचं दुकान चालत नाही. शिवाय तो तराजू दोघांच्या मधोमध टांगलेला असे, काटा गिऱ्हाइकाला दिसे. फोनमधला काटा फक्त दुकानदाराच्या बाजूला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ओला आणि उबर यांना नोटीस काढली, ती फोन कुठला आहे ते पाहून भाडं वेगळं लावलं जातं अशा तक्रारींवरून. दोन्ही कंपन्यांनी ते नाकारलं. खरं-खोटं ठरवायचं तर आत डोकावायला हवं, आणि ते काम माझ्यासारखीचं नाही, सरकारचंच आहे. म्हणून मी नियमांच्या बाजूची आहे. साधा नियम असावा: सहा महिने कुणी सेवा उघडलीच नाही, तर पैसे घेणं आपोआप थांबावं. ज्यांना विसर कळतो, त्यांनी विसरावर पैसे घेऊ नयेत.

हे मी मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, असं फसवायचं कुणीच ठरवत नसतं. दोन प्रकारची बटणं लोकांना दाखवतात, ज्यानं पैसे जास्त येतात ते ठेवतात. आकडेच ठरवतात. मला वाटतं, इथेच आपल्याकडचा जुना हिशेब जास्त चोख आहे. कृत, कारित, अनुमोदित: केलं, करवलं, करणाऱ्याला मान डोलावली. बटण लिहिणारा मुलगा, लिहायला सांगणारा साहेब, तिमाहीचा आकडा पाहून खूश होणारा भागधारक, तिघांच्याही नावावर ते पडतं. आकड्यांच्या नावावर काहीच पडत नाही.

भागधारक म्हटलं आणि मी ह्यांच्याकडे पाहिलं. दर महिन्याला आमचे पाच हजार म्युच्युअल फंडात जातात. त्या फंडाचे पैसे कुठल्या कुठल्या कंपन्यांत आहेत, ती यादी मी काढून मागितली. ह्यांनी दिली, पण चष्मा पुसत विचारलं, “बरं, तिथून काढून बँकेत ठेवू म्हणतेस. आणि बँक ते कुणाला कर्जाऊ देते, तेही विचारणार आहेस का?”

यादी टेबलावर आहे. बँकेचं मी अजून काही बोललेले नाही.