पेट्रोलचा हिशेब आणि शेजारधर्म

'हिशेबी' हा शब्द आपल्या भाषेंत स्तुतीचा कीं निंदेचा, हें बोलणाराच्या स्वरावरून ठरतें. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या गृहिणीस आपण कौतुकानें हिशेबी म्हणतों. पण शेजाऱ्यास रोज मोटारींतून कचेरीपर्यंत नेऊन महिनाअखेर पेट्रोलचा अर्धा वांटा मागणाऱ्या गृहस्थास तेंच विशेषण लावतांना आपण नाक मुरडतों. हें नाक मुरडणें न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न येथें विचारांत घ्यावयाचा आहे.

प्रथम आंकडे पाहूं. पुण्यांत कोथरूडाहून हडपसरास जाणें म्हणजे सुमारें १५ किलोमीटरांची वाट. गाडी एका लिटरांत १५ किलोमीटर चालते आणि लिटरास १०० रुपये पडतात असें सोयीसाठीं धरलें, तर जाण्यायेण्याचे २०० रुपये होतात. २५ दिवसांचे ५,०००. गाडी किती चालते हें मात्र विक्रेत्याच्या पत्रकावरून घेऊं नये. तो आंकडा प्रयोगशाळेंत रुळांवर चाकें फिरवून काढलेला असतो. तेथें ना खड्डा, ना वरात, ना स्वारगेटचा चौक. खरा आंकडा काढण्याची रीत जुनी व सोपी आहे. टांकी पूर्ण भरून मीटर टिपून ठेवावा, आठ-पंधरा दिवसांनीं पुन्हां पूर्ण भरावी, आणि मधल्या किलोमीटरांना दुसऱ्या खेपेच्या लिटरांनीं भागावें. हा भागाकार मालकास बहुधा सुखाचा होत नाहीं. त्यांतहि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत केलेली फेरी दर किलोमीटरास सर्वांत महाग, कारण थंड इंजिन आरंभीं अधिक पेट्रोल पितें.

आतां शेजाऱ्याचें म्हणणें ऐकूं. तो म्हणतो, "तुम्ही तर जाणारच होतां." हें वाक्य वरवर बिनतोड आहे. टनभर वजनाच्या गाडींत आणखी एक मनुष्य बसल्यानें पेट्रोल इतकें थोडें अधिक लागतें कीं, तें वहींत मांडणेंहि हास्यास्पद व्हावें. मग ज्याच्यामुळें खर्च वाढला नाहीं त्यानें तो कां भरावा? परंतु हाच युक्तिवाद उलटा करून पाहावा. शेजारीहि हडपसरास जाणारच होता. गाडी नसती तर बसचें तिकीट काढून गेला असता. मग मालकानेंहि म्हणावें कीं, "तुम्ही तर खर्च करणारच होतां." दोन्ही वाक्यें सारखींच खरीं, एकांतून निघणारा आंकडा शून्य, दुसऱ्यांतून तिकिटाएवढा. खर्च किती, हें गणित सांगेल. तो कोणाचा, हें त्यास विचारून उपयोग नाहीं.

शिवाय "जाणारच होतां" हें एका दिवसापुरतें खरें असतें. ज्याच्या दारापुढें वर्षभर सकाळीं हॉर्न वाजवावयाचा, त्याच्यासाठीं मालक पांच मिनिटें ताटकळतो, रजेच्या आदल्या रात्रीं त्यास आठवणीनें कळवितो. असा मनुष्य पाहुणा राहत नाहीं, भागीदार होतो. त्यानें अर्धा वांटा स्वतः होऊन पुढें करावा. मालकावर मागण्याची पाळी आणणें हाच त्याचा दोष. मात्र विमा, टायर, दुरुस्ती यांची वांटणी मालकानें काढूं नये. रविवारीं गाडी त्याचीच असते. पावसाळ्या संध्याकाळीं थांब्यावर भिजत असलेल्यास आंत घेतलें, त्याची गोष्ट निराळी. त्याच्यापाशीं पैशाचें नांव काढणें म्हणजे छत्री भाड्यानें देणें होय.

कांहीं सज्जन म्हणतात, मोजूं लागलें कीं स्नेह आटतो. आजारी मावशीस भेटावयास जातांना किलोमीटर मोजणारा कोणास आवडेल? मला तर न मोजणाराचीच अधिक भीति वाटते. चौघांस चहूंकडे पोंचविणाऱ्या उदार गृहस्थाच्या घरीं महिनाअखेर कशास कात्री लागते, हें त्याच्या पत्नीस विचारावें. २०० रुपये जातील हें जाणून जो मावशीकडे जातो, त्याची भेट उणी कां व्हावी? तो आंकडा त्यानें मावशीच्या उशाशीं उच्चारूं नये, इतकेंच.

या वांटणींत एक हिस्सेदार मात्र कोणीच धरीत नाहीं. एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. पेट्रोलचें स्वतःचें वजन पाऊण किलोच, उरलेला भार हवेंतल्या प्राणवायूचा. हा वायु आणि त्याबरोबरचा धूर, ज्यानें कधीं गाडींत पाय ठेवला नाहीं अशा पायीं चालणाराच्याहि नांवें पडतो. दोघे एका गाडींत बसले म्हणजे त्याचा भार हलका झाला, असें आपण समाधान मानतों. शेजाऱ्याचीहि स्वतंत्र गाडी निघणार असती तर तें खरें होतें. पण तो बसनेंच जाणार होता, हें वर आलेंच आहे. तेव्हां ५,००० चा आंकडा समोर ठेवून, शेजाऱ्यास गाडींत घेण्याऐवजीं आपणच त्याच्याबरोबर थांब्यावर कां जाऊं नये, हें मालकानें एकदां मनाशीं विचारून पाहण्याजोगें आहे. अर्थात् बस वेळेवर आली पाहिजे.